थेरपिस्टना ट्रेनिंग दिलं, सगळे पास झाले, सेशन मात्र जैसे थे (मुलांचं एक्झिक्युटिव्ह फंक्शनिंग)

अर्धविराम
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी मुलांच्या कम्युनिटी मेंटल हेल्थ सेंटरमध्ये सुपरव्हायजर आहे. आमच्याकडे येणारी मुलं एका लेबलची नसतात. एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा), ऑटिझम, अँक्झायटी, घरात काही भलतंच घडून गेलेलं, आणि बऱ्याचदा हे सगळं एकाच मुलात. पण फाईलवर काहीही लिहिलेलं असो, पालकांची तक्रार फिरून फिरून तीच येते, सांगितलेलं लक्षात राहत नाही, काम सुरूच करत नाही, मनासारखं झालं नाही की आकांडतांडव, एका गोष्टीवर अडकला की अडकलाच. म्हणजेच एक्झिक्युटिव्ह फंक्शनिंग : वर्किंग मेमरी (काम करताना माहिती डोक्यात धरून ठेवणं), स्वतःला आवरणं, लवचिकता, नियोजन, तुम्हाला माहितीये सगळं.

तर आमच्या टीमसाठी यावर वर्कशॉप झालं. भरपूर स्लाइड्स, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं (मेंदूचा पुढचा भाग) रंगीत चित्र, शेवटी टेस्ट, सगळ्यांना पैकीच्या पैकी. फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांनी 'अतिशय उपयुक्त' असं लिहिलं. आणि आता सेशनची रेकॉर्डिंग ऐकतेय तर काय ऐकू येतं बघा (तपशील बदललेत). नऊ वर्षांचा मुलगा, थेरपिस्ट अगदी मायेने बोलणारी, म्हणते, "बरं, आता वही उघड, मागच्या वेळचं पान काढ, आपण ते तीन राग लिहिले होते ना त्यातला एक निवड आणि तेव्हा पोटात कसं वाटलं ते सांग मला, पण आधी सांग आठवडा कसा गेला?" मुलगा वही उघडतो आणि गप्प. ती पुन्हा तेच सगळं सांगते, जरा अजून लांबवून. मग तो पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने गोल गोल काढायला लागतो. सेशन नोटमध्ये काय लिहिलंय? 'सहभाग कमी, मोटिव्हेशनचा अभाव.'

हीच मुलगी (थेरपिस्ट हो) झोपेतून उठवून विचारलंत तरी वर्किंग मेमरीची व्याख्या सांगेल.

आता पुढच्या ट्रेनिंगची आखणी माझ्याकडे आलीये. कोणी असं काही केलंय का? काय ठेवू, काय गाळू? थेरपिस्ट, पालक, शिक्षक, सगळ्यांनीच लिहा.

आळशीबोका
पाच कामं एका दमात! मी पण गोल गोलच काढले असते. वाचतोय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कासवगती
चांगला धागा. मी ट्रेनिंगच्याच कामात आहे, त्यामुळे हा प्रश्न रोजचा.

पहिली गोष्ट, वर्कशॉपने ज्ञान वाढतं, वागणं फारसं बदलत नाही हे आता नवीन राहिलेलं नाही. बायडस आणि केंडल यांच्या गटाचा २०१२ चा अभ्यास बघा, मुलांच्या अँक्झायटीसाठी सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) शिकवायला त्यांनी ११५ थेरपिस्ट घेतले आणि तीन वेगवेगळ्या पद्धतींनी ट्रेनिंग दिलं, नेहमीचं, कॉम्प्युटरवरचं आणि सरावावर जास्त भर असलेलं. तिन्हींमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही. फरक कशाने पडला, तर ट्रेनिंगनंतर कन्सल्टेशनचे (म्हणजे स्वतःच्या केसेसवर जाणकाराशी चर्चा) किती तास मिळाले त्याने. ज्यांना जास्त तास मिळाले त्यांचं कौशल्य जास्त. म्हणजे आपण सगळा पैसा आणि उत्साह वर्कशॉपवर ओततो आणि खरी कमाई नंतरच्या कंटाळवाण्या साप्ताहिक कॉलमध्ये असते.

दुसरी गोष्ट, आणि ही खास एक्झिक्युटिव्ह फंक्शनसाठी. मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कलींनी एडीएचडीबद्दल वर्षानुवर्षं जे सांगितलंय ते असं की अडचण माहीत नसण्यात नाही, माहीत असलेलं ऐन वेळी करण्यात आहे. म्हणून मदत तिथे आणि तेव्हा हवी जिथे काम करायचंय, आठवड्यातून एकदा बंद खोलीत नाही. बहुतेक थेरपिस्ट शिकलेले असतात ते बोलण्याची थेरपी. मूल इथे समजून घेईल, ते लक्षात ठेवेल, वेळ आली की आठवेल, आधीची सवय दाबेल आणि नवीन करेल, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. आता बघा, या वाक्यातली एकूण एक पायरी म्हणजेच एक्झिक्युटिव्ह फंक्शन! जे मुलाकडे कमी आहे त्याच्याच जोरावर आपण थेरपी चालवतोय.

माझं म्हणणं एवढंच की ट्रेनिंगचा विषय 'मुलाचा मेंदू' नको, 'थेरपिस्टचं सेशन' हवा. मेंदूवर अर्धा तास द्या आणि पुढे चला.

निळीशाई
कासवगतींना +१०००

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. दोन मुद्दे भर घालते.

एक, टेस्टचे स्कोअर. नवे थेरपिस्ट रिपोर्टमध्ये 'कॉम्प्युटर टास्कवर नॉर्मल' वाचून म्हणतात मग एक्झिक्युटिव्ह फंक्शनचा प्रश्न नाहीये, हट्टीच आहे. टोपलॅक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र तपासले होते, टेबलावरच्या टेस्ट आणि पालक-शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्या (ब्रीफ वगैरे) यांचा आपसातला संबंध फारच कमजोर निघाला. साहजिक आहे, टेस्टच्या खोलीत शांतता असते, समोर एक मोठा माणूस बसून एकेक सूचना देतो, घड्याळही तोच लावतो. म्हणजे मुलाची अर्धी एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स परीक्षकच पुरवत असतो. थेरपिस्टनी विचारायचं ते असं की दिवसातली नेमकी कुठली पंधरा मिनिटं घसरतात आणि त्याआधी काय चालू असतं.

दोन, मेंदूचे गेम्स. मेलबी-लेर्वाग आणि ह्यूम यांचं २०१३ चं विश्लेषण आहे, वर्किंग मेमरीचे खेळ खेळून मुलं त्या खेळांत आणि तशाच टास्कमध्ये पटाईत होतात, पण वाचन, गणित, लक्ष यात त्याचा फायदा उतरत नाही. तरी आमच्याकडे नवा थेरपिस्ट आला की पहिल्या महिन्यात कुठलं ना कुठलं ॲप घेऊन येतोच.

उंबरठा
पालक म्हणून लिहू का? मुलगी अकरा वर्षांची, बरीच वर्षं थेरपी चालू, तीन थेरपिस्ट बदलल्या कारण त्या नोकरी सोडून जातात.

तिला राग आला की काय करायचं ते तोंडपाठ आहे. थांब, श्वास घे, विचार कर, मग बोल. चित्रं काढून दाखवते, लहान भावाला शिकवते पण. आणि सकाळी मोजा उलटा निघाला की सगळं घर डोक्यावर. प्रत्येक थेरपिस्ट मला म्हणते "तिला स्ट्रॅटेजीज येतात, घरी तुम्ही कन्सिस्टंट राहा". अहो म्हणजे काय करू? सकाळी सात वाजता, मोजा हातात असताना, नेमकं कुठलं वाक्य बोलू हे मला आजवर एकीनेही सांगितलेलं नाही. माझं स्वतःचं डोकं असंच आहे हो, मी पण विसरते, मी पण उसळते, कन्सिस्टंट राहता आलं असतं तर आले कशाला असते.

अर्धविराम ताई, ट्रेनिंगमध्ये हे घाला प्लीज.

निळीशाई
@उंबरठा, तुमचा शेवटचा मुद्दा मी तर लाल शाईने लिहून ठेवेन. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा, जुळ्यांच्या अभ्यासांत साधारण ७० ते ८० टक्के येतो. म्हणजे समोर बसलेल्या पालकांपैकी बऱ्याच जणांना त्याच अडचणी असणार. त्यांना चार पानी बिहेवियर चार्ट देणं म्हणजे क्रूरपणा आहे. पालकांसाठीची योजना पण तशीच हवी, एकच वेळ, एकच वाक्य, आणि ते वाक्य कपाटाच्या दारावर चिकटवलेलं.

खोडरबर
थोडा विरोधी सूर लावतो, हलकेच घ्या.

हल्ली सगळंच एक्झिक्युटिव्ह फंक्शन झालंय. मूल झोपत नाही, एक्झिक्युटिव्ह. मूल घाबरलेलं आहे, एक्झिक्युटिव्ह. वाचताच येत नाही म्हणून अभ्यास टाळतंय, तेही एक्झिक्युटिव्ह. ताण असला, झोप नसली, घरात भीती असली की कोणाचंही डोकं चालत नाही, मोठ्यांचंही. थेरपिस्टच्या हातात हा हातोडा दिलात तर ट्रॉमा झालेल्या मुलाला पण प्लॅनिंगचे तक्ते भरायला बसवतील. शिवाय नियोजन, दप्तर, वेळापत्रक हे स्पेशल एज्युकेटर आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचं (ओटी) काम, मानसिक आरोग्याच्या माणसाने त्यात का पडावं?

कासवगती
@खोडरबर, पहिल्या भागाशी बऱ्यापैकी सहमत. झोप, ऐकू येणं, वाचनाची अडचण, घरातली सुरक्षितता, औषधं, हे आधी बघायलाच हवं आणि ते ट्रेनिंगच्या सुरुवातीलाच हवं. असुरक्षित घरातल्या मुलाला लवचिकता शिकवू नये, आधी घर बघावं.

पण 'हे आपलं काम नाही' हे पटत नाही. कम्युनिटी सेंटरला येणाऱ्या किती कुटुंबांकडे स्पेशल एज्युकेटर आणि ओटी असतो? बहुतेकांना मिळतो तो एकच माणूस, तुमचा थेरपिस्ट, तोही आठवड्यातून एकदा. आणि एक्झिक्युटिव्ह फंक्शन सांभाळल्याशिवाय तुमची अँक्झायटीची थेरपी पण चालत नाही हो. एक्स्पोजरचा (भीतीच्या गोष्टीला हळूहळू सामोरं जाण्याचा) गृहपाठ करायचं लक्षात कोण ठेवणार? भीती चढत असताना 'हा फक्त विचार आहे' हे कोण आठवणार? म्हणून मी याला वेगळी थेरपी म्हणतच नाही, जी थेरपी चालू आहे ती या मुलाला झेपेल अशी करायची.

मधली_सुट्टी
शिक्षक. मला थेरपिस्टचा फोन वर्षातून एकदा येतो, रिपोर्टसाठी. त्यापेक्षा मुलाला तिकडे कुठले शब्द शिकवलेत ते दोन ओळीत कळवलं तर मी वर्गात तेच वापरेन. बस.

(अवांतर : सूचना एका दमात देण्यात आम्ही शिक्षक थेरपिस्टच्या पुढे आहोत, निदान त्यात तरी आमचा पहिला नंबर.)

निळीशाई
@मधली_सुट्टी, हेच तर 'अनस्टक अँड ऑन टार्गेट' मध्ये आहे. लॉरेन केनवर्दी, लिन कॅनन वगैरेंचा कार्यक्रम, मुळात ऑटिझम असलेल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी, शाळेतल्याच लोकांनी चालवायचा. त्यांच्या २०१४ च्या चाचणीत तुलना सोशल स्किल्सच्या गटाशी होती, आणि लवचिकता, प्रश्न सोडवणं, एका कामातून दुसऱ्यात जाणं यात यांची मुलं पुढे गेली. त्याचा गाभा काय, तर घर, शाळा, थेरपी सगळीकडे तेच मोजके शब्द. 'अडकलोय', 'प्लॅन ए, प्लॅन बी', 'ही मोठी गोष्ट की छोटी गोष्ट'. मूल रडत असताना "असं का करतोस" च्या ऐवजी "अडकलास वाटतं, प्लॅन बी काय?" एवढंच. उंबरठा ताई, तुमच्या मोज्याच्या वेळचं वाक्य हेच असू शकतं, पण ते आधी शांत वेळी, मजेमजेत बरेचदा बोलून झालेलं हवं, नाहीतर ऐन वेळी तेही टोमण्यासारखं लागतं.

आणि तुम्ही स्वतः अडकलात की मोठ्याने म्हणा, "मी अडकले, माझा प्लॅन बी हा". मुलं यातून जितकं उचलतात तितकं समजावण्यातून नाही.

उंबरठा
हे करून बघते. धन्यवाद. असं एक वाक्य मिळायला इतकी वर्षं लागली याचा राग पण येतोय, खरं सांगते.

आळशीबोका
इथे मी फक्त टवाळी करायला आलो होतो पण एक खरा प्रश्न. सतत आठवण करून दिली, सगळं भिंतीवर चिकटवलं, तर पोर कायमचं परावलंबी नाही का होणार? माझी आई अजून मला छत्रीची आठवण करते आणि मी अजून विसरतो.

कासवगती
@आळशीबोका, बोकोबा, प्रश्न टवाळीचा नाही, ट्रेनिंगमध्ये हमखास येतो.

आधार द्यायचा तो काढून घेण्याच्या बेतानेच. 'स्कॅफोल्डिंग' हा शब्द वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये वापरला तो याच अर्थाने, इमारत उभी राहीपर्यंत परांची, नंतर उतरवायची. गडबड दोन्हीकडे होते. एक थेरपिस्ट आधार देतच नाही कारण 'त्याला स्वतःहून जमायला हवं', दुसरी देते आणि कधीच काढत नाही. शिकवायचं ते मधलं. आधी "वही बॅगेत टाक" असं थेट सांगणं, मग "यादीत पुढे काय आहे?" असं विचारणं, मग नुसतं यादीकडे बोट, मग काहीच न बोलता जरा थांबणं. घसरलं की एक पायरी खाली, ओरडा नाही. आणि वयाकडे बघून अपेक्षा ठेवू नका. बार्कलींचा ढोबळ अंदाज आहे की एडीएचडीत स्वतःला सांभाळण्याची क्षमता वयाच्या साधारण ३० टक्के मागे असते, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाकडून सातच्या मुलाइतकीच. काही जणांना थोडा आधार कायम लागतो, त्यात बिघडलं काय? आपण सगळे मोबाईलवर अलार्म लावतोच की.

तुमच्या छत्रीचं म्हणाल तर आईने आठवण बंद करून छत्री दाराच्या कडीला अडकवून ठेवावी.

अर्धविराम
काय सुंदर चर्चा झालीये. आता माझी खरी अडचण सांगते. थेरपिस्टचा केसलोड भरगच्च. मोजली जातात ती फक्त मुलासमोर बसलेली सेशन्स. सुपरव्हिजन, शिक्षकांना फोन, रेकॉर्डिंग ऐकणं, हे सगळं 'इतर' मध्ये जातं आणि 'इतर' चे तास कोणी देत नाही. वर्कशॉपला मंजुरी लगेच मिळते कारण फोटो काढता येतो. कन्सल्टेशन म्हटलं की "ते तुम्ही आपापसात बघा". आणि वर्षभरात निम्मे लोक सोडून गेले तर शिकवलेलं पण त्यांच्याबरोबर गेलं.

खोडरबर
हे मात्र कोणीतरी बोलायला हवंच होतं. थेरपिस्टचा दोष काढून झाला की वरचे मोकळे. थकलेल्या माणसाचं स्वतःचं एक्झिक्युटिव्ह फंक्शन संध्याकाळच्या शेवटच्या सेशनला कुठे शिल्लक असतं? त्याला पण 'माहितीये पण ऐन वेळी होत नाही' हेच झालंय, मग त्याला अजून एक वर्कशॉप हा उपाय कसा?

कासवगती
@खोडरबर, हे मी माझ्या पुढच्या मीटिंगमध्ये ढापणार.

@अर्धविराम, मंजुरी मिळेल ते वर्कशॉपच मागा, पण तुकडे करा. एका दिवसाच्या वेळात छोटे छोटे भाग पाडून ते काही महिन्यांत पसरवा, कागदावर तास तेवढेच राहतात. आणि प्रत्येक भागात लोकांनी बोलायचं, तुम्ही नाही. मी करतो तो सराव सांगतो. जोड्या पाडायच्या, एक थेरपिस्ट, एक मूल. मूल झालेल्याने मनात शंभरातून तीन-तीन वजा करत राहायचं आणि त्याच वेळी समोरच्याची सूचना ऐकून ती करायची. तुमच्या त्या वहीच्या वाक्यासारखं वाक्य आलं की 'मूल' हमखास हरवतं, चिडतं, हसतं. मग तेच पुन्हा करायचं, या वेळी एका वेळी एकच सूचना, पुढची पायरी बोटाने दाखवलेली, आणि उत्तराची वाट बघताना तोंड बंद. तोंड बंद ठेवणं सगळ्यात अवघड जातं, विश्वास ठेवा. पण यानंतर 'मोटिव्हेशनचा अभाव' असं लिहिताना हात जरा अडखळतो.

नव्या लोकांसाठी एक पान ठेवा, एकच. सेशनचा क्रम फळ्यावर लिहिलाय का, सूचना एका वेळी एकच दिली का, या आठवड्यातली एक खरी अडचण घेऊन ध्येय-योजना-कृती-तपासणी हे मुलाबरोबर लिहून काढलं का, तीच वस्तू किंवा तीच जागा वापरून सेशनमध्ये करून बघितलं का, आणि शेवटची काही मिनिटं पालकांना खोलीत घेऊन त्यांच्याकडून एकदा करवून घेतलं का. करवून घेतलं का, सांगितलं का नव्हे. नोकरी सोडून कोणी गेलं तरी पान राहतं.

निळीशाई
त्यात 'जर-तर' पण घाल रे. मानसशास्त्रज्ञ गोलविट्झर यांचं जुनं काम आहे, "मी शांत राहीन" पेक्षा "जर मोजा उलटा निघाला, तर मी तो आईच्या हातात देईन" अशी नेमकी जोडी चांगली चालते, आणि एडीएचडीच्या मुलांवर पण ते तपासलं गेलंय. एका वेळी एकच जर-तर मात्र. उत्साहाच्या भरात सहा लिहून दिले की एकही होत नाही.

मधली_सुट्टी
ते पान शाळेला पण पाठवा.

अर्धविराम
कासवगती, निळीशाई, पानाचा कच्चा मसुदा आज रात्री इथेच टाकते, हाणा त्याला. सुरुवात त्या वहीवाल्या थेरपिस्टबरोबरच करेन म्हणतेय, फक्त तिला आधी मीच एका वेळी एकच सूचना द्यायला हवी. पहिला आठवडा फक्त सूचना तोडणं, बाकी काही नाही.

एक शेवटचं, रेकॉर्डिंगसाठी पालकांची संमती कशी घेता? अर्धे नाही म्हणतात.

कासवगती
पालकांची लेखी, मुलाला त्याच्या भाषेत वेगळं विचारायचं, कोण ऐकणार आणि कधी पुसणार ते आधीच सांगायचं, आणि नाही म्हटलं तर थेरपीत काही फरक पडणार नाही हे स्पष्ट. तरी नाही म्हणाले तर सोडून द्या, रोलप्ले रेकॉर्ड करा. सूचना एका दमात देण्याची सवय रोलप्लेमध्ये पण लगेच दिसते. आणि रेकॉर्डिंग सगळं ऐकत बसू नका, कुठलीही दहा मिनिटं निवडा, त्यात एकच गोष्ट बघा, ती पण थेरपिस्टला आधी विचारून.